शेरूला गाडीत चढवताना

आमच्या घरात कुत्रा नाही, बागेत आहे. कोकणी मुसलमानाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आम्ही शाफई. कुत्र्याची लाळ लागली तर 7 वेळा धुवायचे, त्यातले एक पाणी मातीचे, हे लहानपणीच पाठ झालेले. राखणीसाठी मात्र कुत्रा पाळण्याची मुभा आहे आणि रत्नागिरीकडे हापूसची कलमे सांभाळायची म्हणजे माकडांशी रोजची गाठ. त्यामुळे अब्बांनी शेरूला आणले तेव्हा मोहल्ल्यात कोणी काही बोलले नाही. बोलणे सुरू झाले ते शेरू म्हातारा झाल्यावर.

शेरू आता 12 वर्षांचा आहे. वजन 35 किलोच्या आसपास. कमरेचे सांधे झिजल्यामुळे मागच्या पायांत जोर राहिलेला नाही. पंधरा दिवसांनी एकदा त्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यावे लागते. पूर्वी तो एका उडीत टेम्पोच्या हौद्यात असायचा. आता पुढचे दोन पाय हौद्यावर टेकवतो आणि मान वळवून आमच्याकडे पाहतो. अब्बांचेच गुडघे गेलेले, म्हणून हे काम आम्हा नवरा-बायकोकडे आले. आम्ही दोघेही उर्दू शाळेत शिकवतो.

एका रिक्षावाल्याने नकार दिला. त्याला राग मानण्याचे कारण नव्हते, त्याच सीटवरून त्याला नमाजी माणसे न्यायची असतात. पण एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, राखण संपली तशी मुभाही संपली. सोडून द्या कुठेतरी." अब्बा ओट्यावरून एवढेच बोलले, "राखण त्याने केली. मजुरी आमच्याकडे बाकी आहे."

मजुरी फेडायची तर आधी उचलायचे कसे ते शिकावे लागले. पट्टा धरून किंवा पुढचे पाय ओढून कुत्र्याला कधी चढवू नये. एकाने छातीभोवती हात घालायचा, दुसऱ्याने मागच्या मांड्यांखाली, आणि दोघांनी गुडघ्यांतून एकदम उठायचे. त्याची पाठ आडवी, सरळ राहिली पाहिजे. दुखत असले की सालस कुत्राही चावतो, म्हणून आपले तोंड त्याच्या तोंडापासून लांब ठेवायचे. एकटेच असलो तर पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, गोणपाटाची झोळी घालतो आणि मागचा भार तिच्यावर पेलतो. पुढून तो स्वतः चालतो.

पण सगळ्यात कामाची ठरली ती फळी. अडीच फूट उंचीच्या हौद्याला 5 फुटांची फळी लावली तर चढ अंगावर येतो, 8 फुटांची लावली की सोसवतो. पंजे घसरू नयेत म्हणून तिच्यावर गोणपाट ठोकले. टेम्पो बागेच्या बांधाला मागून भिडवला, तर हौदा आणि जमीन यांतले अंतर आणखी कमी होते.

शेरू पहिल्या दिवशी फळीला भ्यायला. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, सोप्याकडून कठीणाकडे जावे. फळी जमिनीवर सपाट टाकली. तीन दिवस तो तिच्यावरून नुसता चालला आणि पलीकडच्या टोकाला भाकरीचा तुकडा खात राहिला. मग एका टोकाखाली एक जांभ्याचा चिरा ठेवला, नंतर दोन. आठवड्याने हौदा. वर्गातल्या मंद म्हटल्या जाणाऱ्या पोरांना एवढा वेळ मिळाला तर काय होईल, हा विचार त्या आठवड्यात बरेचदा आला.

लोक चढण्याची काळजी करतात, उतरण्याची करत नाहीत. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार मुळात पुढच्या पायांवर असतो. उंचावरून उडी मारली की सगळा दणका खांद्यांना आणि कोपरांना बसतो. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याचे पुढचेही गेले तर मग काही उरत नाही. म्हणून गाडी थांबली की आधी फळी, मग फाळका उघडायचा.

राहिला पाक-नापाकचा मसला. सुका हात सुक्या अंगाला लागला तर आमच्या मजहबात धुणे नाही. ओले लागले तर आहे. हा हुकूम धुण्याचा आहे, त्यात हात आखडून घ्या असे कुठे म्हटलेले नाही. दर जुम्म्याला सूरे कहफ पढताना गुहेच्या उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा येतोच. त्याला उंबरठ्यावर जागा मिळाली. शेरूचीही तेवढीच मागणी आहे.

दवाखान्याच्या दिवसाचे आमचे कपडे वेगळे. ते बागेतल्या खोपटात खुंटीवर असतात. परतलो की तिथेच माती लावून धुतो, आंघोळ करतो आणि असरची जमात गाठतो. मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा 7 पाणी काढताना हात भरून येतात. तरी काढतो.