गोड्या समुद्रातील मुक्काम

इ. स. १६१५ च्या उन्हाळ्यात साम्युएल द शांप्लॅं हा फ्रेंच प्रवासी झाडाच्या सालीपासून बनविलेल्या होडीने फ्रेंच नदीच्या मुखाशी उतरला, तेव्हा त्याच्यासमोर समुद्रच पसरलेला होता. पलीकडचा काठ दिसत नव्हता आणि लाटा खडकांवर फुटत होत्या. पण ओंजळीत घेतलेले पाणी मात्र गोडे होते. त्याने त्या जलाशयाला ‘गोडा समुद्र’ असेच नाव दिले. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतातील ह्युरॉन सरोवराचा हा ईशान्येकडील भाग आज जॉर्जियन बे म्हणून ओळखला जातो, आणि दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये शिडांच्या शेकडो छोट्या नौका तेथील बेटांच्या जाळ्यात हिंडत असतात.

ह्युरॉनचे क्षेत्रफळ सुमारे ५९,६०० चौरस किलोमीटर आहे. जॉर्जियन बे हा त्याचा एक उपसागर. पण त्याच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या द्वीपसमूहाला ‘तीस हजार बेटे’ असे नाव पडले आहे. त्यांतली पुष्कळशी बेटे म्हणजे एखादे वाकडे पाइन झाड अंगावर वाढविणारा एकेक खडक. याच्या अगदी उलट प्रकार मॅनिटूलिन बेटाचा. २,७६६ चौरस किलोमीटरचे हे बेट गोड्या पाण्यातील जगातले सर्वांत मोठे बेट होय. त्याच्या पोटात शंभरांहून अधिक तलाव आहेत, आणि त्यांतील काही तलावांत पुन्हा बेटे आहेत! मॅनिटूलिन आणि उत्तरेकडील मुख्य भूमी यांच्यामधला पाण्याचा पट्टा म्हणजे नॉर्थ चॅनेल. शांत मुक्कामांसाठी नौकावाले याच पट्ट्याची वाट धरतात.

प्रवासाची सुरुवात बहुधा किलार्नी या लहानशा गावापासून होते. १९६२ पर्यंत या गावाला रस्ता नव्हता. जे काही यायचे ते पाण्यावरून किंवा हिवाळ्यात बर्फावरून. येथे भरती-ओहोटी नाही, म्हणून नवख्याला हे पाणी सोपे वाटते. तसे ते नाही. सरोवराची पातळी तासातासाला बदलत नसली तरी वर्षावर्षाला बदलते. ऑक्टोबर १९८६ मधील उच्चांक आणि जानेवारी २०१३ मधील नीचांक यांत जवळजवळ दोन मीटरांचे अंतर होते. एका उन्हाळ्यात ज्या खडकावरून नौका सुखाने गेली, तोच खडक दुसऱ्या उन्हाळ्यात तिचा तळ फोडू शकतो. म्हणून नकाशावरील खोलीच्या आकड्यात त्या दिवसाच्या पातळीचा हिशेब मिळवल्याशिवाय जाणता नाखवा अरुंद वाटेत शिरत नाही. अनोळखी खाडीत शिरताना एक जण सुकाणूवर असतो आणि दुसरा पुढच्या टोकावर उभा राहून पाण्याचा रंग न्याहाळतो.

किलार्नीपासून थोड्याच अंतरावर कव्हर्ड पोर्टेज ही खाडी आहे. तिच्या तिन्ही बाजूंनी झाडी आणि कडे असल्यामुळे बाहेर वादळ असले तरी आत पाणी स्वस्थ असते. नांगर टाकणे हे येथे केवळ लोखंड खाली सोडणे नव्हे. खोली पाच मीटर असेल तर पंचवीस ते पस्तीस मीटर साखळी-दोर सोडावा लागतो, म्हणजे ओढ आडवी बसून नांगर चिखलात रुततो. जागा अपुरी असेल तर नौकेच्या मागच्या बाजूने आणखी एक दोर काठावरच्या झाडाला किंवा खडकाला बांधतात. मग इंजिन बंद होते. जुलैत येथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांना इतका निवांतपणा क्वचितच कुठे लाभत असेल. अंधार पडल्यावर लून पक्ष्याची लांबलचक हाक एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जाते.

या खाडीच्या मागे ला क्लोशचे डोंगर आहेत. ते पांढऱ्याशुभ्र क्वार्टझाइट दगडाचे असून दुरून बर्फ पडल्यासारखे दिसतात. याच डोंगरांत बे फिन ही लांब, चिंचोळी खाडी शिरली आहे. तिच्या अगदी टोकाला नांगर टाकून अर्धा-पाऊण तास चढले की टोपाझ नावाचा तलाव लागतो. पाणी इतके नितळ, की तळाचे दगड हाताला लागतील असे वाटावे. पाहणारा हरखून जातो आणि ‘किती शुद्ध!’ असे म्हणतो.

त्या नितळपणाचा इतिहास मात्र वेगळा आहे. येथून ईशान्येस सडबरी हे निकेल-तांब्याचे शहर आहे. तेथील भट्ट्यांमधून गंधकाचा धूर दशकानुदशके वाऱ्याबरोबर येत राहिला आणि पावसातून आम्ल होऊन या डोंगरांवर उतरला. क्वार्टझाइटमध्ये चुन्याचा अंश नसल्याने आम्ल मारणारे काहीच तेथे नव्हते. चुनखडीच्या मॅनिटूलिनवर तोच पाऊस निष्प्रभ ठरला. समोरच्या पांढऱ्या डोंगरांतील तलाव मात्र आंबट होत गेले. हॅरॉल्ड हार्वी आणि रिचर्ड बीमिश या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात येथील लम्सडेन तलावाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा एकामागून एक जातीचे मासे नाहीसे होताना त्यांना दिसले. शेवाळ आणि पाण्यात विरघळलेला पालापाचोळ्याचा अंश कमी झाला की पाणी नितळ होते. हे तलाव सुंदर दिसत होते, कारण ते रिकामे होत होते. पुढे कायदे झाले, भट्ट्यांची रचना बदलली, गंधकाचा धूर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. १९७२ मध्ये उभारलेली ३८१ मीटर उंचीची सडबरीची चिमणीही २०२० मध्ये वापरातून गेली. अनेक तलाव सावरत आहेत, परंतु सर्वच नाहीत. धंदा बुडाला नाही, आणि धूरही घटला. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असे पूर्वी ठामपणे सांगणारे थोडे नव्हते.

पश्चिमेकडे निघाल्यावर लिट्ल करंट येथे १९१३ चा फिरता लोखंडी पूल आडवा येतो. उन्हाळ्यात दिवसा तो दर तासाला जास्तीत जास्त पंधरा मिनिटे नौकांसाठी वळतो. तेवढ्यात वाट न काढली तर पुढचा तास ताटकळावे लागते. डाळ-तांदूळ, भाजी, इंधन सारे येथेच भरून घ्यावे, कारण यापुढची बेटे निर्जन आहेत. सांडपाण्याची टाकीही येथेच रिकामी करावी. प्रवासी नौकेतील मैला पाण्यात सोडण्यास ऑंटारिओत बंदी आहे.

हा पट्टा निर्जन भासला तरी अस्पर्श नाही. ओडावा, ओजिब्वे आणि पोटावाटोमी लोकांची ही भूमी. मॅनिटूलिनच्या पूर्वेकडील विक्वेमिकाँगच्या लोकांनी १८६२ च्या करारात आपली जमीन दिली नाही, आणि ती आजही ‘न सोडलेली भूमी’ म्हणून ओळखली जाते. बर्च आयलंडजवळचा ड्रीमर्स रॉक हा खडक त्यांच्या उपवासाचे आणि एकांतसाधनेचे ठिकाण आहे. तेथे परवानगीशिवाय चढू नये. ते काही छायाचित्रे काढण्याचे स्थळ नव्हे.

याच पाण्यातून एके काळी मॉंट्रियलचा व्यापार चाले. सुमारे अकरा मीटर लांबीच्या, बर्चच्या सालीच्या होड्या कापड, कांबळी आणि तांब्याची भांडी घेऊन पश्चिमेकडे जात आणि बीव्हरची कातडी घेऊन परतत. प्रत्येक गाठोडे एकेचाळीस किलोचे, म्हणजे जिथे होडी चालत नसे तिथे माणसाच्या पाठीवर चढेल असे. ही सारी यातायात कशासाठी? युरोपातील प्रतिष्ठितांच्या टोप्यांसाठी. १८३०-४० नंतर रेशमी टोपीची टूम आली आणि बीव्हरची मागणी ओसरली. एका शहरातल्या हौसेपायी हजार कोसांवरचे प्राणी कसे ओरबाडले जातात, याचे इतके स्पष्ट उदाहरण इतिहासात थोडेच सापडेल.

वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे समोरून येणारा. त्याला तिरके कापत, नागमोडी जात नौका बेंजामिन बेटांशी पोहोचते. येथे दगड गुलाबी आहे. हिमयुगातील बर्फाने घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट उतरत उतरत थेट पाण्यात जातो, आणि संध्याकाळच्या उन्हात अख्खे बेट तापलेल्या तांब्यासारखे दिसते. फटींत रानटी ब्ल्यूबेरीची झुडपे असतात. मुले ओठ निळे करून घेतात.

येथेही नितळ पाण्याचे कौतुक ऐकू येते. पण ह्युरॉनच्या मोठ्या पात्रात गेल्या काही दशकांत पाणी नितळ होण्यामागे आणखी एक व्यापारमार्ग आहे. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्सचा जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला. परदेशी जहाजे तोल राखण्यासाठी टाक्यांत पाणी भरून येत, आणि माल चढवताना ते सरोवरात ओतत. त्या पाण्यातून काळ्या समुद्राकडचे झेब्रा आणि क्वागा हे चिमुकले शिंपले आले. झेब्रा शिंपला येथे प्रथम १९८८ मध्ये आढळला. एकेक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म अन्न खातो. त्या अन्नावर जगणारे डायपोरिया नावाचे कोळंबीसारखे जीव ह्युरॉनमधून जवळजवळ नाहीसे झाले, आणि माशांची पुढची साखळीही ढासळली. महासागरातच टाक्या खाऱ्या पाण्याने धुऊन याव्यात, असा नियम कॅनडाने २००६ मध्ये आणि अमेरिकेने २००८ मध्ये सक्तीचा केला. त्यानंतर नव्या जातींचे येणे फारच मंदावले, पण आलेले शिंपले मात्र परत पाठवता येत नाहीत.

ऑगस्ट सरत आला की नौका एकेक करून धक्क्यावर परततात. ज्यांना आपली नौका गाडीवर लादून दुसऱ्या तलावाकडे न्यायची असते, ते आधी तिच्यातले सगळे पाणी काढून टाकतात, तळ आणि नांगराची साखळी कढत पाण्याने धुतात, आणि मग ती काही दिवस उन्हात सुकत ठेवतात. शिंपल्याचे पिलू डोळ्यांना दिसत नाही. थेंबभर ओलाव्यातही ते जिवंत असू शकते.