चोवीस वर्षांची ज्येष्ठता, महिन्याला ४६० रुपये

१५ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने ग्रामीण डाक सेवकांसाठी आर्थिक उन्नयनाची योजना जाहीर केली. बारा वर्षं सेवा झाली की वर्षाला ४,३२० रुपये, चोवीस झाली की ५,५२०, छत्तीस झाली की ७,२००. पाटण तालुक्यातल्या एका शाखा डाकपालाने ही बातमी मोबाइलवर वाचली तेव्हा त्याला आधी वाटलं, आकडे महिन्याचेच असणार. खाली ‘वार्षिक’ असा शब्द होता. तोवर संघटनेच्या ग्रुपवर फुलांचे गुच्छ, जोडलेले हात, अंगठे आणि ‘ऐतिहासिक विजय’ असे संदेश धडाधड येऊ लागले होते. त्याने ५,५२० ला बाराने भागलं. ४६० रुपये. चोवीस वर्षांहून जास्त काळ पोस्टाची किल्ली सांभाळणाऱ्या माणसाची महिन्याची ज्येष्ठता एवढी.

त्या दिवशी त्याला सरकारचा जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःच्या संघटनेचा आला.

ग्रामीण डाक सेवक म्हणजे कोण हे गावाला सांगावं लागत नाही, शहराला लागतं. देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुसंख्य खेड्यांतली शाखा कार्यालयं आहेत. ती हे सेवक चालवतात. कागदावर काम चार किंवा पाच तासांचं. पगार नाही, वेळेशी जोडलेला भत्ता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं की हे लोक नागरी पद धारण करतात, पण नियमित नागरी सेवेच्या बाहेर आहेत. सातव्या वेतन आयोगानेही त्यांना नियमित कर्मचाऱ्यांच्या रांगेत घेतलं नाही. त्यांच्यासाठी वेगळी समिती नेमली गेली. कमलेश चंद्र समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये सादर झाला आणि पुढचं दीड वर्ष तो पडून राहिला. म्हणून २२ मे २०१८ पासून देशभर बेमुदत संप.

हा डाकपाल १९९०च्या दशकात लागला तेव्हा या पदाला ‘ई.डी.’ (एक्स्ट्रा डिपार्टमेंटल) म्हणत. गावात त्याला सगळे मास्तर म्हणतात. कार्यालय त्याच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे, कारण जागा डाकपालानेच द्यायची असते. त्यामुळे संपाचा ताण काय असतो हे त्याला जसं कळलं तसं शहरातल्या कर्मचाऱ्याला कळणं अवघड आहे. कारखान्यातला कामगार गेटबाहेर बसतो. हा संपावर होता आणि कार्यालयाच्या आतल्या खोलीत जेवत होता. लोक यायचे, ओट्यावर बसायचे. कुणाच्या मुलाचं मुलाखतीचं पत्र अडकलं होतं, कुणाला पेरणीआधी खात्यातून पैसे काढायचे होते. मे महिना संपला तशा आर.डी.वाल्या बाया हप्ते घेऊन आल्या. हप्ता चुकला की शंभराला रुपया दंड. त्याने कुणाचाही हप्ता घेतला नाही. नियमाने घेता येत नव्हता आणि संपाशी इमान होतं. संपानंतर दोघीतिघींचा दंड त्याने खिशातून भरला. संघटनेच्या कुठल्याही पत्रकात या दंडाचा उल्लेख नव्हता, असणारही नव्हता. पण खेड्यातल्या संपाची झळ अशा रुपया-दोन रुपयांनीच बसते.

६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय आला आणि संप मिटला. ३ लाख ७ हजार सेवकांना लाभ, २०१८-१९ सालात १,२५७.७५ कोटींचा खर्च. अकरा वेतनश्रेणींच्या जागी तीन. शाखा डाकपालाला चार तासांसाठी किमान १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५००. सहायक शाखा डाकपाल आणि डाक सेवक यांना १०,००० आणि १२,०००. वर्षाला तीन टक्के वाढ. जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी एकरकमी.

गावात पेढे वाटले त्याने. खरोखर वाटले. थकबाकीतून पोस्टाच्या खोलीवरचे गळके पत्रे बदलले. कोयनेच्या खोऱ्यातल्या पावसात दरवर्षी ताडपत्रीखाली रजिस्टरं झाकणाऱ्या माणसाला हा केवढा दिलासा होता, हे त्याच्या घरचेच जाणतात. तेव्हा संघटनेने काहीच मिळवून दिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल, आणि तो तसं म्हणतही नाही.

मग नवा भत्ता निश्चित झाला, आणि इथे खरी गोम आहे. ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुष्कळ सेवकांना ती आजही कळलेली नाही.

सर्वात खालच्या श्रेणीतल्या शाखा डाकपालाचा जुना मूळ भत्ता २,७४५ रुपयांपासून सुरू व्हायचा, दरवर्षी पन्नास रुपयांनी वाढायचा आणि ४,२४५ वर थांबायचा. नव्या हिशेबात जुना मूळ भत्ता २.५७ ने गुणायचा आणि येणारी रक्कम नव्या श्रेणीत बसवायची. ती किमान रकमेपेक्षा कमी भरली तर किमान रक्कम द्यायची. मास्तरांचा मूळ भत्ता साधारण साडेतीन हजार होता. गुणाकार नऊ हजारांच्या आसपास जातो. म्हणून १२,०००. शेजारच्या गावात त्याच वर्षी दहावीच्या गुणांवर लागलेल्या पोराचे २,७४५ गुणिले २.५७ म्हणजे सात हजारांच्या थोडं वर. त्यालाही १२,०००. इतकंच नव्हे, जो माणूस श्रेणीच्या टोकाला, ४,२४५ वर पोचला होता, त्याचा गुणाकार १०,९१० येतो. तोही १२,००० वरच. म्हणजे त्या श्रेणीतला एकही सेवक, कितीही वर्षं झालेली असोत, नवख्याच्या पुढे एका रुपयाने राहिला नाही. वर्षानुवर्षं थोडीथोडी जी ज्येष्ठता साठली होती, ती एका आदेशाने पुसली गेली.

त्या पोरावर मास्तरांचा राग नाही. त्याला १२,००० मिळाले हे योग्यच झालं, कमीच मिळाले. प्रश्न असा आहे की संप मागे घ्यायला होकार देणाऱ्यांपैकी कुणी हा गुणाकार करून पाहिला होता का? हा तिसरीच्या पोराला येईल असा हिशेब आहे. दर बारा वर्षांनी सेवेचं वजन मोजा, ही मागणी तेव्हाच लावून धरली असती तर पुढची सहा वर्षं वाया गेली नसती.

साताऱ्याच्या एका सभेत मास्तरांनी हे विचारलं. विभागीय सचिव म्हणाले, “मास्तर, मिळालंय ते बघा ना. आधी किती होतं?”

“साहेब, मिळालं ते मी बघतोच आहे. गेलं ते कोण बघणार?”

त्यावर हे सगळं वर ठरतं, दिल्लीत ठरतं, असं उत्तर आलं आणि सभा वर्गणीच्या विषयाकडे वळली. ही वर्गणी भत्त्यातून परस्पर कापली जाते. पैसे घेताना गावापर्यंत पोचणारी व्यवस्था निर्णय विचारताना का पोचत नाही, हा मास्तरांचा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित राहिला आणि आजही आहे.

सप्टेंबर २०१८ मध्ये टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली. हातातलं यंत्र आधीच आलं होतं. खाती उघडा, विमा विका, उद्दिष्ट पूर्ण करा. चार तासांची नोकरी संध्याकाळपर्यंत लांबली आणि कागदावर चारच तास राहिली. त्यामुळे १२ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बेमुदत संपाची हाक आली तेव्हा मागण्या पाठ होत्या: आठ तासांचं काम, निवृत्तिवेतन, बारा-चोवीस-छत्तीस वर्षांनंतर वाढ, पाच लाखांची ग्रॅच्युइटी, पाच लाखांचा सामूहिक विमा, उद्दिष्टांचा जाच बंद. मास्तर पुन्हा कुलूप लावून बसले. काही दिवसांतच संप मिटला. कशावर मिटला? त्यांच्यापर्यंत पोचलं ते मोबाइलवरचं पत्रक, त्यात चर्चा सकारात्मक झाल्याचं लिहिलेलं. आठ तास कुठे, निवृत्तिवेतन कुठे, याबद्दल ताकास तूर नाही. तीन महिन्यांनी आले ते हे ४६० रुपये. मागणी शब्दशः मान्य झाली होती, बारा-चोवीस-छत्तीस. फक्त रकमेने तोंडाला पानं पुसली होती.

आता दुसरी बाजू. मास्तर रागात असले की ती ऐकून घेत नाहीत, पण शांत असले की स्वतःच सांगतात. एप्रिल २०२३ मध्ये टपाल खात्याने नॅशनल फेडरेशन ऑफ पोस्टल एम्प्लॉईज या जुन्या महासंघाची आणि त्याच्यातल्या गट-क कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली. आक्षेपांमध्ये शेतकरी आंदोलनाला दिलेल्या देणगीचाही समावेश होता. एवढी मोठी संघटना अशी बाजूला काढली जाते, तेव्हा डाक सेवकांच्या नेत्याने डिसेंबरच्या थंडीत किती ताणायचं? मान्यता गेली तर चर्चेची खुर्ची जाते. शिवाय तालुक्याचा सचिव स्वतः डाक सेवकच असतो. त्याचाही संपाच्या दिवसांचा भत्ता बुडतो, त्यालाही वरिष्ठांच्या नजरेखाली राहायचं असतं. या माणसांना विकले गेलेले म्हणणं अन्याय आहे. मास्तरांनी एकदा ते म्हटलंय, आणि पुढच्याच महिन्यात त्याच सचिवाच्या मुलीच्या लग्नाला जाऊन आलेत.

तरीही भीती हे न सांगण्याचं कारण होऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये टपाल कामगारांनी २०२२ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या काळात अठरा दिवस संप केला. २०२३ मध्ये नेत्यांनी समझोता आणला, पण तो लागू करण्याआधी सदस्यांच्या मतदानाला टाकला. मत देणाऱ्यांपैकी ७५.७ टक्के लोकांनी होकार दिला. तो समझोताही पुष्कळांना कडूच लागला, पण तो त्यांनी स्वतः गिळला. दुसऱ्याने त्यांच्या वतीने गिळला नाही. आपल्याकडे अडीच लाखांहून जास्त माणसं आहेत आणि बहुतेकांच्या हातात खात्याच्या कामासाठी फोन आहे. खाती उघडायला जो फोन चालतो तो मत द्यायला का चालू नये?

नव्याने लागलेल्या सेवकांना मास्तर आताशा एकच सांगतात: आदेश स्वतः वाचा. इंग्रजीत असला तरी वाचा, समजत नसेल तर शाळेतल्या सरांकडे जा. आपली श्रेणी, आपला गुणाकार, आपली तारीख वहीत लिहून ठेवा. काम किती वाजता सुरू केलं आणि किती वाजता संपलं, तेही रोज लिहा. उद्या आठ तासांचा पुरावा कुणी मागितला तर संघटनेकडे तो नसेल, तुमच्याकडे असला पाहिजे.

संघटना सोडण्याचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. दिला नाही. एकट्या डाकपालाचं कुणी ऐकत नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पुरतं कळलंय, आणि त्यांचं हे म्हणणं बरोबर आहे. वर्गणी चालू आहे, तक्रारही चालू आहे.

आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली. ग्रामीण डाक सेवकांचा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल, पुन्हा बोलणी होतील, कदाचित पुन्हा संपही होईल. त्या वेळी जो मसुदा हाती येईल तो संघटनांनी आधी तालुक्या-तालुक्यात, आकड्यांसकट, वाचून दाखवावा. दहा, वीस आणि तीस वर्षं झालेल्या माणसाच्या हातात नेमकं काय पडणार हे मांडून दाखवावं, मत घ्यावं आणि मगच संप मागे घेतल्याचं पत्रक काढावं.