दोन धुडं आणि एक ओढा

दिवाळीनंतरचा रविवार, सकाळचे सहा. पनवेलच्या पुढे हायवेवरच्या एका टपरीपाशी मी दोन गाड्यांभोवती प्रदक्षिणा घालत होते आणि त्यांचे मालक कटिंग पीत माझ्याकडे बघून हसत होते. एक बीएमडब्ल्यू आर १३०० जीएस, दुसरी ट्रायम्फ टायगर ९०० रॅली प्रो. मालकांची नावं देत नाही, कारण दोघांच्याही घरी गाडीची खरी किंमत ठाऊक नाही. आपण त्यांना जीएसवाला आणि टायगरवाला म्हणू.

भानगड अशी होती की टायगरवाल्याला जीएसची हवा लागली होती, त्यामुळे त्याची टायगर विकायला निघाली होती. घेणार होते मी. म्हणजे, बहुतेक. पाच वर्षांची बचत हाताशी होती, उरलेल्या रकमेचं कर्ज बँकेने मंजूर केलं होतं आणि आईला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. पुण्याचा एक गिऱ्हाईक त्याला रोज फोन करत होता. "आज दोन्ही चालव. रस्त्यावर चालव, मातीत चालव. रात्री हो की नाही ते सांग," टायगरवाला म्हणाला. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके त्यासाठी झक्कास. हायवे, घाट, खड्डे, ओढे, सगळं एका दिवसात मिळतं.

आकडे आधी उरकून घेऊ. जीएसचं इंजिन १३०० सीसीचं बॉक्सर आहे. म्हणजे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे असे बाहेर आलेले, की गाडीने दोन्ही काखेत कलिंगडं धरल्यासारखी वाटतात. १४५ हॉर्सपॉवर, १४९ न्यूटन मीटर टॉर्क, वजन २३७ किलो, सीट जमिनीपासून ८५० मिलिमीटरवर. टायगरला ८८८ सीसी, तीन सिलिंडर, १०८ हॉर्सपॉवर, ९० न्यूटन मीटर, वजन २२८ किलो आणि सीट ८६० ते ८८०. जीएसचं पुढचं चाक १९ इंची, टायगरचं २१. जीएसला चेन नाही, शाफ्ट आहे. टायगरची चेन मात्र धुळीतून आल्यावर पुसायची आणि तिला ल्यूब मारायचं, हे आलंच. २०२४ मध्ये दोन्ही गाड्या भारतात आल्या तेव्हा शोरूमची किंमत २०.९५ लाख आणि १५.९५ लाख होती. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, त्यामुळे सेकंडहँडवाल्यांचे भाव वधारले, टायगरवाल्याचेही.

आणि मी? उंची पाच फूट चार इंच. माझी जुनी हिमालयन ४११, १९९ किलोची, सीट ८०० मिलिमीटर. बहुतेक वेळा मी एकटीच फिरते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पहिली पाळी जीएसची. टायगरवाला माझ्या हिमालयनवर बसला, तोंड जरा वाकडं करूनच. शेडुंग मागे पडेपर्यंत मला कळलं, की लोक या गाडीसाठी घर का गहाण ठेवतात. उठावच असा आहे की ट्रक ओलांडायचा विचार मनात येतो आणि ट्रक आरशात दिसतो. ब्रेक दाबला तरी गाडी नाक खुपसत नाही, कारण पुढे साधे फोर्क नाहीत, बीएमडब्ल्यूची टेलिलिव्हर ही पद्धत आहे. वारा काचेवरून जातो, सीट सोफ्यासारखी. तीन तासांनी गोव्यात पोहोचल्यासारखं वाटतं आणि तुम्ही असता चौकला.

इथेच खरी गंमत आहे. चौकपासून खालापूरपर्यंत एक्सप्रेसवे जवळपासच असतो, अधूनमधून दिसतोही. सहापदरी, गुळगुळीत, या गाडीसाठीच बांधल्यासारखा. आणि त्यावर दुचाकीला बंदी! २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला तेव्हापासून दुचाकी आणि रिक्षा बाहेरच. आम्ही आपले जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने, एसटी आणि टेम्पोंच्या संगतीत. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावरही दुचाकीला कमाल वेग ताशी ८० चाच. दोनशेच्या वर जाणारी गाडी ऐंशीवर सहाव्या गिअरमध्ये पेंगत असते. जीएसवाल्याला हे म्हटलं तर म्हणाला, "वीस लाखांची शांतता विकत घेतलीय मी." उत्तर बरं होतं.

चौकच्या डोंगरात इर्शाळगडाचा सुळका दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. वर जायला रस्ता नव्हता. बचावपथकं पायी चढली, यंत्रं खालीच राहिली. आम्ही तिघं त्याच भागात खराब रस्ता शोधत निघालो होतो, मुद्दाम, हौसेने. सिग्नल नसताना तिघंही थांबलो, बघितलं, काही न बोलता पुढे निघालो.

खोपोलीत गाड्या बदलल्या. आता टायगर आणि समोर बोरघाट. आणि इथे, काय सांगू, मी पार वेडी झाले. जीएस तुम्हाला वळणातून नेते, टायगर तुम्हाला वळण घ्यायला लावते. तीन सिलिंडरांचा आवाज वर चढताना एखाद्या चिडलेल्या शिवणयंत्रासारखा येतो. २१ इंची चाकामुळे वळताना थोडी ढिलाई जाणवते, पण गाडी अंगाने सडपातळ असल्यामुळे गुडघ्यांत नीट पकडता येते. शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबलो. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, असं इकडचे लोक सांगतात. घाट चढणारे ड्रायव्हर इथे नाणं टाकतात. मीही टाकलं. मनात म्हटलं, बाबा, घेऊ का ते सांग.

तिथूनच मागे वळलो. खोपोलीहून पळसदरीमार्गे कर्जतचा रस्ता अरुंद, सावलीचा, आणि पावसाने यथेच्छ चावलेला. हा मला दिवसभरातला सगळ्यात खरा रस्ता वाटला, कारण आपण सगळे रोज अशाच रस्त्यांवरून जातो. इथे आकडे उलटे फिरले. जीएस खड्ड्यांवरून छान जाते, पण तिच्या चाकांना वर-खाली हलायला पुढे १९० आणि मागे २०० मिलिमीटर मिळतात. टायगरला २४० आणि २३०. रॅली प्रोवर बसून खड्डे चुकवणं मी चक्क सोडून दिलं. माझी हिमालयन त्याच खड्ड्यांत टायगरवाल्याची हाडं मोजत होती, पण का कोण जाणे, तो हेल्मेटच्या आत गाणं म्हणत होता. इंटरकॉमवर ऐकू येत होतं.

कर्जत स्टेशनला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे पाप. दिवाडकरांचा वडा आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी गाडी थांबल्यावर खिडकीतून घेतला असेल. गाडी थांबते ती वड्यासाठी नव्हे, घाट चढायला मागून बँकर इंजिन लावण्यासाठी. ३७ फुटांना एक फूट असा तो चढ आहे. एवढं मोठं धूड आहे तर त्याला मागून ढकलणारं कुणीतरी हवंच, असं तेव्हा सहज म्हणून गेले. तासाभराने ते माझ्यावरच उलटलं.

माथेरानला जाऊ या, असं जीएसवाल्याने सुचवलं होतं. पण पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, पुढे नाही. म्हणून कशेळे, आणि तिथून आंबिवलीच्या बाजूला. समोर कोथळीगडाचा सुळका, दोन्हीकडे कापणी झालेली भातखाचरं, रस्त्यावर पसरलेला पेंढा. त्यावर ब्रेक मारू नका, साबणासारखा असतो! डांबर संपलं तिथून एक बैलगाडीची वाट ओढ्याकडे उतरत होती. वाटेतल्या काकांना विचारलं तर "जा की, पल्याड पाडा आहे" म्हणाले. वनखात्याची हद्द नाही ना, हेही विचारून घेतलं. वाडीतून जाताना पहिला गिअर आणि हॉर्न नाही, एवढं पथ्य पाळायचं.

मातीत आधी पुन्हा जीएस. एन्ड्युरो मोड टाकला, फुटपेगवर उभी राहिले आणि चाटच पडले. २३७ किलो कुठे गेले तेच कळेना. बॉक्सरचं वजन इतकं खाली आहे की चालण्याच्या वेगातसुद्धा गाडी डुलत नाही. फक्त मोठे दगड आले की पुढचं चाक त्यांना ठोकर मारतं, आणि सिलिंडर एवढे रुंद की दोन शिळांच्या मधून जाताना आपण श्वास आत घेतो. दोन्ही गाड्यांवर टायर रस्त्याचेच होते, हे सांगायला हवं. गोट्यांचे टायर टाकले तर चित्र बदलेल.

परत वळवताना जीएसवाल्याने स्वतः गाडी आडवी केली. उतारावर हँडल पूर्ण वळलेलं, इंजिन बंद पडलं, धप्प. मी धावले. पण गाडी आडवी झालीच नव्हती! खालच्या बाजूच्या सिलिंडरच्या गार्डवर ती तिरकी टेकून राहिली होती, म्हातारं माणूस कोपरावर रेलावं तशी. त्याने पाठ सीटला लावली, हँडल आणि मागची दांडी धरली, गुडघ्यांतून उठला आणि गाडी उभी. एकट्याने. मिनिटभरही लागलं नाही.

मग टायगर. ऑफ-रोड मोड, आणि सुरुवातीची दहा मिनिटं म्हणजे निव्वळ सुख. दगड आला की २१ इंची चाक त्यावर चढतं आणि पलीकडे उतरतं, चर्चा नाही. उभं राहिल्यावर हँडल बरोबर हातात येतं. जीएसवर मी सांभाळून चालवत होते, टायगरवर खेळत होते. याच गाडीवर मला स्पितीला जायचं होतं, एकटीला.

ओढ्यात पाणी जेमतेम घोट्याच्या वर. खाली गोटे. मधोमध पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं, वेग संपला, सवयीने मी डावा पाय टाकला. खाली जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण चार बोटं खाली. हिमालयनवर पाय टेकला असता. तेवढ्या चार बोटांत गाडीचं वजन माझ्या बाजूला आलं आणि एकदा आलं की २२८ किलोला कुणी थांबवत नाही.

बूट चांगले होते म्हणून पाय वाचला. इंजिन बंद केलं. टायगर पाण्यात सपशेल आडवी पडली होती, क्रॅश गार्ड गोट्यांत रुतलेला, हँडल चाकांपेक्षा खाली. पाठ लावली, दांडी धरली, गुडघ्यांतून जोर लावला. गाडी वीतभर उठली, टायर घसरला, परत खाली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा माझाच पाय घसरला. दोघं पुढे वळणापलीकडे गेले होते, आणि इंटरकॉमवर मी हाक मारली नाही. का? एकटीला जमतंय का, हेच तर बघायचं होतं ना.

भाताचा भारा घेऊन मघाचे काका आले. भारा काठावर ठेवला, लेंगा वर खोचला.

"किती भरते गं वजनाला?"

"दोनशे अठ्ठावीस किलो, काका."

"म्हणजे चार पोती." त्यांनी गाडीकडे बघितलं. "पोतं तरी मऊ असतं. एकटीनं आणलीस होय?"

दोघांनी मिळून उचलली. गार्डवर एक ओरखडा आणि क्लचचा लिव्हर किंचित वाकलेला, बाकी काही नाही. काकांनी चहालाही नकार दिला, भारा डोक्यावर घेतला आणि गेले. टायगरवाला परत आला तेव्हा मी गाडीवर बसून होते, बूट पिळत.

संध्याकाळी चौकच्या फाट्यावर चहा. दोघांनाही निकाल हवा होता, तर ऐका. डांबरावर जीएस, वादच नाही. दिवसाला चारशे किलोमीटर आणि मागे बसणारं माणूस असेल तर दुसरा विचार करू नका. मातीत चालवायला टायगर, तीही चार पायऱ्या वर. पण मातीत पडायला जीएस! कागदावर नऊ किलोंनी जड असलेली गाडी उचलायला सोपी निघाली, हे मला कोणत्याही ब्रोशरने सांगितलं नव्हतं. ब्रोशरमध्ये गाड्या पडतच नाहीत. माझ्या हिमालयनपेक्षा टायगर फक्त २९ किलोंनी जास्त आहे, या हिशेबावर मी कर्ज काढलं होतं. ते वजन किती उंचीवर आहे, याचा हिशेब केलाच नव्हता.

"मग? घेतेयस की पुण्याला फोन लावू?" टायगरवाला.

मी म्हटलं, "पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीत ये. जुनी गादी टाकते. तिच्यावर गाडी आडवी करायची, तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. तीनदा एकटीने उचलली, तर त्याच दिवशी चेक देते."

त्याने थोडा विचार केला. हिमालयनची किल्ली अजून त्याच्याच खिशात होती, ती काढून टेबलावर ठेवली.

"गादी जाड आण," तो म्हणाला.