घरची उंची

माणसाला उंचीची हौस फार. देवळाला कळस हवा, फेट्याला तुरा हवा आणि हल्ली हौशी तरुणांच्या जीपगाड्यांना ‘लिफ्ट किट’ हवे. लिफ्ट किट म्हणजे गाडीची बॉडी चाकांपासून दोन-चार इंच वर उचलणाऱ्या चकत्या, उंच स्प्रिंगा आणि लांब शॉकअप यांचा संच. खडकाळ वाटेवर गाडीचे पोट घासू नये हा त्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात अशा कितीतरी गाड्या खडकावर कधी चढत नाहीत. त्या आपल्या कॉलेजच्या फाटकासमोरून सावकाश जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

कला शाखेच्या मुलीला या विषयाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, माझ्या वडिलांचे कराडजवळ हायवेच्या कडेला छोटे गॅरेज आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते सातवीपर्यंत शिकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. अण्णांच्या उमेदीच्या काळात गाडी उचलणे सोपे होते. जीपच्या कमानीत एक पाटा वाढवायचा, यू-बोल्ट आवळायचे, की गाडी वर. लोखंडाला स्वतःचे मत नसते. जितके उचलाल तितके ते उचललेले राहते.

पण गेल्या दिवाळीनंतर पाटणकडचे एक गृहस्थ एक जुनी परदेशी गाडी घेऊन आले आणि या लोखंडालाही मत असू शकते हे आम्हाला कळले. त्या गाडीला पाटे नव्हते, की लोखंडी स्प्रिंगाही नव्हत्या. चार चाकांवर रबराचे हवेने भरलेले चार फुगे होते. व्होल्वो बसला असतात तसेच, म्हणून अण्णांना ते ‘बेलो’ या नावाने ठाऊक होते. दुसऱ्या एका ठिकाणी कोणीतरी त्या बेलोंवर दोन-दोन इंचांच्या चकत्या बसवून दिल्या होत्या. गृहस्थ म्हणाले, “तिथं गाडी उचललेली मी डोळ्यांनी पाहिली. मैलभर गेलो नाही तोवर पुन्हा होती तिथं बसली.”

गाडीसोबत इंग्रजी पुस्तक होते. अण्णा मला म्हणाले, “पोरी, काय लिवलंय त्यात, वाच बरं.”

मी वाचले. शब्दकोश घेऊन, अडखळत वाचले. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि बोटाएवढ्या दांडीने तो चाकाच्या आर्मला जोडलेला असतो. बॉडी वरखाली झाली की दांडी हलते, सेन्सर ती बातमी गाडीच्या कॉम्प्युटरला देतो. कॉम्प्युटरच्या स्मरणात प्रत्येक कोपऱ्याची एक उंची कायमची नोंदलेली असते. गाडी त्याहून खाली गेली तर तो कॉम्प्रेसरची हवा बेलोत भरतो, वर गेली तर हवा सोडून देतो. म्हणजे चकत्यांनी गाडी दोन इंच वर गेली तेव्हा कॉम्प्युटरला वाटले, काहीतरी चुकले आहे. त्याने इमानेइतबारे हवा सोडली आणि गाडी पूर्वीच्या जागी आणून ठेवली.

या नोंदलेल्या उंचीला पुस्तकात जो लांबलचक इंग्रजी शब्द होता, त्याला मराठीत काय म्हणावे ते मला सुचेना. मी म्हटले, “अण्णा, गाडीला जी उंची आपली वाटते ती.” अण्णा चटकन म्हणाले, “म्हंजे तिची घरची उंची.”

मला तो शब्द इतका आवडला की पुढे मी तोच वापरला.

आता प्रश्न होता, गाडी उचलायची कशी? एक मार्ग स्वस्त होता. त्या चार दांड्या काढून वेगळ्या लांबीच्या बसवायच्या. मग सेन्सर खोटी बातमी देतो, की गाडी खाली बसली आहे. कॉम्प्युटर बिचारा हवा भरत राहतो आणि गाडी वर चढते. मापात असल्याचे त्याला वाटते तेव्हा ती खरे तर दोन इंच वर असते. गृहस्थांना हेच हवे होते, आणि त्यासाठी ते आठ हजार रुपये द्यायला तयार होते. माझ्या फीची तारीख जवळ आली होती. मी अण्णांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

अण्णांनी मला पुढची पाने वाचायला लावली. वेग वाढला की ही गाडी आपोआप खाली बसते, म्हणजे वळणावर कलंडण्याचा धोका कमी होतो. दांड्या बदलल्या तर खाली बसूनही ती उंचच राहणार. चाकांकडे जाणाऱ्या ॲक्सलचे सांधे तिरक्या कोनात फिरून लवकर झिजणार, टायर एकाच कडेने खाणार. खड्ड्यात चाक खाली सुटायला जी जागा लागते, तीही कमी होणार. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ यातले ५२वे कलम मी काढून वाचले. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

पुस्तकात आणखी एक गोष्ट सापडली. त्या गाडीत कच्च्या रस्त्यासाठी एक बटण होतेच. ते दाबले की गाडी स्वतःच दोनेक इंच वर येते, आणि वेग वाढला की स्वतःच खाली उतरते.

अण्णा गृहस्थांना म्हणाले, “साहेब, शेताच्या वाटंला हे बटण दाबा. बाकी तिला खोटं सांगून काम करून घ्यायला मी नाय बसायचा.”

आठ हजार गेले. चकत्या काढून गाडीला तिची घरची उंची पुन्हा शिकवायची, एवढेच काम राहिले. ओळखीच्या माणसाकडून स्कॅनर आणला. हवेची गाडी कधी एकदम बसेल याचा नेम नाही, म्हणून अण्णांनी घोड्या लावल्याशिवाय कोणालाही खाली हात घालू दिला नाही. काम झाल्यावर घोड्या काढून गाडी सपाट फरशीवर उभी केली. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत अण्णा टेपने मोजत, मी मिलिमीटरचा आकडा स्कॅनरमध्ये भरी. चारही कोपरे, प्रत्येक तीनदा. संध्याकाळपर्यंत दोन बोटांचा धनी कोण आणि दोन डोळ्यांचा कोण, हे आम्हाला सांगता आले नसते.

त्या यंत्राचा मला राग आला नाही. मला ते ओळखीचे वाटले. मी अकरावीत गेले तेव्हा आमच्या आत्या म्हणाल्या होत्या, “लई उंच उडू नको, शेवटी भाकरीच थापायचीय.” त्या वाईट नाहीत. त्यांच्या स्मरणात मुलीची एक उंची नोंदलेली आहे. मी तिच्यावर गेले की काहीतरी चुकले असे त्यांना वाटते आणि त्या हवा सोडतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे कोणीतरी असेल. आपण वरून चकत्या बसवतो, चार इंग्रजी वाक्ये पाठ करतो, आणि फाटकाबाहेर मैलभर जाईपर्यंत पुन्हा खाली येतो. किंवा दांडी बदलतो, म्हणजे आपण कुठून आलो तेच खोटे सांगतो. तिसरा मार्ग वेळखाऊ आहे. घरच्या प्रत्येक कोपऱ्यापाशी बसून, पुन्हा पुन्हा मोजून, नवी उंची त्यांनाही समजावून द्यायची. माणसाच्या बाबतीत सुदैवाने कोणतेही कलम आडवे येत नाही.

फी मागाहून हप्त्याने भरली. तेव्हापासून मी एक वही केली आहे. स्कॅनरच्या पडद्यावर येणारे इंग्रजी शब्द आणि त्यांच्यासमोर अण्णांना कळेल असे मराठी. अण्णांच्या हातात तीस वर्षांचे ज्ञान आहे, पण नव्या गाड्या त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत नाहीत. बी. ए. करून काय करणार, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी अजून नाही. तूर्त वहीत बासष्ट शब्द झाले आहेत, आणि शेजारच्या गॅरेजवाल्या काकांनी परवा तिची झेरॉक्स मागून नेली.