मुठीत मावणारा

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, असं छाती काढून सांगणाऱ्या जिल्ह्यात लहान वस्तूचं कौतुक कमीच. इथं मांडव मोठा, पंगत मोठी आणि आता हातातला फोनही तळव्याबाहेर सांडणारा. अशा मुलखात मी बोटभर लहान आणि तरीही महागातला फोन बाळगून आहे. काच बसवायला दुकानात गेलो तर पोरगा म्हणाला, "काका, ह्या साईजची ग्लास आम्ही ठेवतच नाहीत." भावकीतल्या एकानं तो उलटापालटा करून पाहिला. "कामून घेतला येवढुसा? येवढ्या पैशात दुप्पट आला असता की!" कापूस, सोयाबीन, तूर सगळं काट्यावर घालणाऱ्या माणसाचा हा हिशोब मला पटतो. मोठ्या फोनातला तोच प्रोसेसर, तोच कॅमेरा लहान अंगात कोंबायलाही पैसे पडतात, हे मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली, ती माझी कीव आल्याची होती.

त्याचं उत्तर मला रात्रीच्या शेतात मिळतं. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला नाहीतर ज्वारीला पाणी द्यायला अंधारातच जावं लागतं. एका हातात खोरं. दारं मोडायचं, दुसरं धरायचं, पाणी कुठं फुटलंय का ते बघायचं. त्यात मध्येच लाईट गेली की धुऱ्यावरून चालत पेटीपर्यंत जायचं. काळी माती ओली झाली की पायाला धरून ठेवते. तेव्हा रिकामा हात तोल सावरायला लागतो. अशा वेळी फोन हा अंगठ्याच्या एका फिरवण्यात चालला पाहिजे. बॅटरी लावायची, घरून आलेला फोन घ्यायचा, पुन्हा खिशात. सदऱ्याच्या वरच्या खिशात तो पूर्ण बुडतो, वाकलं तरी पाण्यात उडी घेत नाही. स्टार्टरची पेटी दोन्ही हातांनी उघडायची असली तर मी तो सरळ दातात धरतो. सात इंची फोन दातात धरून दाखवावा कुणीतरी! पौषातल्या त्या थंडीत पाटाच्या पाण्याचा आवाज, लांब कुठंतरी दुसऱ्या एखाद्याची हलती बॅटरी, आणि खिशात हा. पडदा छोटा असल्यामुळे तो काळोखाला फारसा धक्का लावत नाही. बंद केला की चांदण्या लगेच जागेवर येतात.

गंगाखेडच्या एसटीत उभ्यानं जातानाही तेच. वरची दांडी एका हातात, फोन दुसऱ्या. पडद्याचा कुठलाही कोपरा अंगठ्याला लांब नाही.

उन्हाळ्यात मात्र त्याची परीक्षा असते. बहुतेक फोनच्या सूचनापत्रात 0 ते 35 अंश सेल्सिअस तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं. परभणीचा मे महिना ही सूचना वाचत नाही; पारा 42 च्या पुढं जातो. अंग लहान, त्यामुळे आतली उष्णता बाहेर टाकायला जागाही कमी. पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं. दुपारी माणसं लिंबाखाली आडवी होतात, तोही होतो. बॅटरीबद्दल बोलायलाच नको, संध्याकाळी तिला वायर लागतेच.

लहान फोनांची ही जात आता संपत आली आहे. 2007 साली पहिला आयफोन आला तो साडेतीन इंचांचा. पुढं फोन वाढत गेले तसे काही कंपन्यांनी मुद्दाम लहान, पण ताकदीनं पूर्ण असे फोन काढले. सोनीचा झेड वन कॉम्पॅक्ट 2014 चा, 4.3 इंचांचा. ॲपलनं 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचांचे मिनी आणले आणि 2022 मध्ये मिनीच्या जागी मोठा प्लस ठेवला. आसुसचा झेनफोन 10 हा 5.9 इंचांचा होता, त्याच्यानंतरचा 11 अल्ट्रा पावणेसात इंचांच्या पुढं गेला. लहान फोनची स्तुती खूप झाली, खरेदी कमी. आता सव्वासहा इंचांच्या फोनला कॉम्पॅक्ट म्हणतात. सिलिकॉन-कार्बनच्या नव्या बॅटऱ्यांमुळे त्याच जागेत जास्त वीज मावते, तेव्हा बॅटरीची सबब तरी उरलेली नाही.

पण दोष कंपन्यांनाच द्यावा असं मला वाटत नाही. आमच्याकडं फोन एकट्याचा नसतोच. सेलू तालुक्यातल्या गुगळी धामणगावच्या पंजाबराव डखांचा पावसाचा अंदाज आला की ओट्यावर एका फोनभोवती पाच डोकी जमतात. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्लाही असाच वाचला जातो, एकानं मोठ्यानं, बाकीच्यांनी शंका काढत. माझ्या फोनात एकच डोकं मावतं. ॲपवरून पेरा नोंदवण्याची ई-पीक पाहणी 2021 पासून सुरू झाली, तेव्हापासून उभ्या पिकात उभं राहून फोटो काढावा लागतो. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून मी शेजाऱ्यांच्याही वावरात जातो. म्हातारे खातेदार डोळे बारीक करून पडद्याकडं बघतात आणि म्हणतात, "तुमीच वाचा, मालक. आमाला मुंग्या दिसायल्यात." स्वतःच्या जमिनीची नोंद माझ्या भरवशावर सोडतात, हे मला बोचतं. आणि आईला पुण्यातल्या नातवाचं तोंड सुपारीएवढं दिसायचं. ती फोन कानाशी नेऊन नुसतं ऐकायची.

शेवटी तिच्यासाठी मोठ्या पडद्याचा एक स्वस्तातला आणला. तो ओसरीच्या कोनाड्यात चार्जरला लावलेला असतो. शेजारची पोरं त्यावर कार्टून लावतात, चुलते बाजारभाव बघतात, आई दुपारी कीर्तन लावून डुलकी घेते. त्याला कुलूप नाही, पासवर्ड नाही. माझा माझ्या खिशात. रिचार्ज मात्र दोन्हींचा मलाच करावा लागतो.