मागच्या पट्टीवरचा पोरगा

परवा नातू पुण्याहून लोणावळ्याला आला, गुडघ्याला पट्टी बांधून. "आबा, शाळेत पडलो, मग सिस्टरनी ड्रेसिंग केलं," म्हणाला. शाळेत सिस्टर! आधी हसू आलं. मग बराच वेळ एक पोरगा आठवत राहिला.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. मी आंदर मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. दोन शिक्षक, चार वर्ग. औषध म्हणजे टिंक्चर आयोडीनची एक बाटली, तीही बहुधा रिकामीच. मागच्या बस्करपट्टीवर हा बसायचा. हाक मारली तर ओ नाही, श्रुतलेखन कायम चुकलेलं, विचारावं एक तर सांगणार भलतंच. मी त्याला 'ढ' ठरवून मोकळा झालो. दोनदा छडीही मारली. लिहायला लाज वाटते, पण मारली.

पावसाळा सरता सरता उपकेंद्राच्या नर्सबाई चिखल तुडवत लस टोचायला आल्या. हा रांगेत पुढे आला तशा थबकल्या. "गुरुजी, याच्या कानाला वास येतोय." त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हळू आवाजात नाव घेतलं. एकदा, दोनदा... पोरगा ढिम्म. मी छडी टेबलाखाली सरकवली.

ओढ्यात डुंबून कान वाहायचा आणि आई त्यात कोमट तेल सोडायची. बाईंनी तेल बंद करायला सांगितलं, स्वच्छ कापडाची वात करून कान कोरडा कसा करायचा ते दाखवलं आणि डॉक्टरांकडे धाडलं. मी त्याला पुढच्या पट्टीवर बसवलं. दिवाळीनंतर त्याचं श्रुतलेखन चुकायचं, पण इतरांइतकंच. डावा कान मात्र गेला तो गेलाच.

१९०२ साली न्यूयॉर्कमध्येही असंच होतं. खुपऱ्या, गजकर्ण झालेल्या मुलांना डॉक्टर तपासून घरी पाठवत, पण उपचार कोणीच करत नसे. लिना रॉजर्स या नर्सला शाळांवर नेमलं. ती शाळेतच मलमपट्टी करी, घरी जाऊन आयांना समजावी. गैरहजेरी झपाट्यानं घटली.

आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स यांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करतं. चांगलंच आहे. पण कान काही पथकाची तारीख बघून वाहत नाही! निदान दर केंद्राला एक नर्स द्यावी, असं आपलं माझं म्हणणं. असो.

पुढे खूप वर्षांनी तो कामशेतच्या बाजारात भेटला. पाया पडला. मी बोलू लागलो तसा म्हणाला, "गुरुजी, या अंगाला या," आणि उजवा कान पुढे केला. छडीचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही.