टॉपमधला बारा व्होल्टवाला

जन्माने तो कंप्युटरचा पंखा. कॅबिनेटच्या पोटात बसायचं आणि गरम हवा बाहेर फेकायची, एवढंच त्याला ठाऊक. पण एप्रिल लागला की त्याला फिशटँकच्या टॉपमध्ये, म्हणजे झाकणात, नोकरी मिळते. पाणी तिशीला टेकलेलं असतं, आणि विशीच्या आसपास सुखी असणारा गोल्डफिश वर येऊन तोंड मारत असतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. पाणी गार करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून माणूस गप्प होतो, आणि मग याची आठवण निघते.

दिसायला अगदी सामान्य. काळा, चौकोनी, साधारण 25 मिलिमीटर जाड. कुणी 80 मिलिमीटरचा, कुणी 120 चा. बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर दोन-तीन वॉटमध्ये दिवस काढतो. बऱ्याच जणांच्या कडेवर दोन बारीक बाण कोरलेले असतात, एक पाती कुठे फिरणार ते सांगणारा, दुसरा वारा कुठे जाणार ते. उजेडात धरून तिरकं पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, आणि स्क्रू आवळून झाल्यावर दिसून उपयोग नाही.

त्याच्याकडे गारवा नसतोच मुळी. झाकणाखाली पाण्यावर दमट हवा साचून बसलेली असते, ती तो हलवतो. कोरडी हवा आली की पाण्याची वाफ होते आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. हिशेबाने शंभर लिटरच्या टँकमधलं एक लिटर उडालं, तर उरलेलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरायला हवं. पण तापलेली खोली उष्णता परत देत राहते, म्हणून हाती दोन-तीन अंशच लागतात. माशाला तेवढेही पुरतात. थोडक्यात, गडी वैदर्भी कूलरच्या कुळातला. नागपूरच्या मे महिन्यात त्याचा रुबाब पाहावा. तोच मुंबईच्या दमट हवेत दिवसभर फिरतो आणि पाऊण अंश उतरवून दमतो. यात त्याचा दोष नाही.

खोक्यावर सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा फेकतो त्याचा, आकडा ठळक छापलेला असतो. त्याला भुलू नये. तो मोकळ्या हवेत मोजलेला, टॉपच्या अरुंद फटीतून तेवढा वारा निघत नाही. त्याचा स्वभाव कळतो तो बेअरिंगवरून. लॅमिंग्टन रोडवरचा जुना दुकानदार आधी विचारतो, “कशाला लावणार, भाऊ? माशांना? मग स्लीव्ह नका नेऊ.” स्लीव्ह बेअरिंगवाला स्वस्त आणि सुरुवातीला गोड बोलणारा. पण झाकणावर आडवा निजवला, वर दमट उष्ण हवा लागली, की त्याचं तेल सुकत जातं आणि एका रात्री तो घरघरायला लागतो. बॉल बेअरिंगवाला पहिल्या दिवसापासून थोडा कुरकुरतो, पण कसाही बसवा, टिकतो. आवाजच नको असेल तर 120 चा घ्यावा आणि नऊ व्होल्टवर चालवावा. मोठी पाती सावकाश फिरूनही पुरेसा वारा देतात. छोटा मात्र तेवढ्यासाठी किंचाळतो.

वारा आत मारायचा की बाहेर ओढायचा, यावर शौकीन तासन्‌तास भांडतात. मी आत मारणाऱ्यांच्या बाजूचा. पाण्यावर तिरका झोत, आणि दुसऱ्या टोकाला हवा निघायला फट. बाहेर ओढायला लावलं तर सगळी वाफ याच्याच पोटातून जाते आणि टाके गंजतात. समुद्री टँक असेल तर पात्यांवर मिठाचे पापुद्रे चढतात. खाली जाळी हवीच, कारण उड्या मारणारे मासे असतात. आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये न शिरता झोलावरून खाली पडतो.

तो पाणी पितो मात्र बेताल. पातळी रोज खाली जाते, पण क्षार मागेच राहतात. म्हणून वरचं पाणी भरताना आरओचं घालावं. समुद्री टँकमध्येही तेच, खारं पाणी ओतलं तर मीठ वाढतच जाईल.

हिवाळ्यात त्याचं हीटरशी वाजतं. एक पाणी तापवतो, दुसरा निववतो, दोघेही इमानेइतबारे राबतात आणि बिल घरमालकाला. नोव्हेंबरात त्याचा प्लग काढून ठेवावा, नाहीतर तापमान बघून चालू-बंद करणारा कंट्रोलर लावून द्यावा.